चालत्या आगगाडीवर उडी घेणाऱ्या हेलन गिब्सन

आज आपण अमेरिकेतल्या हेलन गिब्सन यांची ओळख करून घेऊ.

काळ शंभरेक वर्षांपूर्वीचा. तेव्हाचे सिनेमे मुके. पडद्यावर माणसं दिसत, पण बोलणं ऐकू येत नसे. मधूनमधून लिहिलेल्या पाट्या दाखवत. घोडेस्वार, लुटारू आणि आगगाड्यांचे सिनेमे लोकांना फार आवडत.

हेलन १८९२ साली क्लीव्हलँड शहरात जन्मल्या. मूळ नाव रोझ वेंगर. सिगारच्या कारखान्यात काम करत होत्या. घोडेस्वारीच्या खेळासाठी मुली हव्यात, अशी जाहिरात आली आणि त्यांनी अर्ज केला. भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला त्या शिकल्या. पुढे १९११ साली तो खेळ कॅलिफोर्नियात बंद पडला, तेव्हा सिनेमावाल्यांनी हे घोडेस्वार कामाला घेतले.

१९१५ साली ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’ या सिनेमा-मालिकेची नायिका, हेलन होम्स, काम सोडून गेली. तिच्या जागी रोझ आल्या. कंपनीने त्यांचंही नाव हेलनच ठेवलं!

एका भागात त्यांना स्टेशनच्या छपरावरून चालत्या गाडीवर उडी मारायची होती. हे काम नुसत्या धाडसाचं नव्हतं. आधी छप्पर आणि गाडी यांतलं अंतर मोजलं. उभ्या गाडीवर उड्यांचा सराव केला. गाडीचा वेग सेकंदासेकंदाने ठरवला. उडी बरोबर पडली, पण हिसक्याने त्या डब्याच्या कडेला घरंगळल्या. टपावरचं हवेचं नळकांडं पकडून लोंबकळल्या. थोडं खरचटलं, तेवढंच.

१९२० साली त्यांनी स्वतःची सिनेमा कंपनी काढली. पैसा अपुरा पडला आणि कंपनी बुडाली. तरी त्या थांबल्या नाहीत. सर्कशीत घोड्यावरचे खेळ केले, मग मोठ्या नट्यांच्या ‘डुप्लिकेट’ झाल्या. म्हणजे उडी हेलनबाईंची, पडद्यावर नाव दुसरीचं. सत्तरीला टेकेपर्यंत त्या काम करत राहिल्या. १९७७ साली त्यांचं निधन झालं. हॉलिवूडची पहिली व्यावसायिक स्टंटबाई म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या घरात, शेतात असं कोणतं काम आहे, जे करते बाई आणि नाव लागतं दुसऱ्याचं?