नियमित व्यायाम आणि पुरुषांतील संप्रेरके



प्रतिवर्षीप्रमाणे या अहवालात आरोग्यविषयक एक टिपण देत आहोत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले हे नेहमीचे दृश्य आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. त्यासाठी धडगाव, अक्कलकुव्यापासून शहाद्यापर्यंतचे तरुण महिनोन्‌महिने घाम गाळतात. त्यांचे आईवडील मात्र हलक्या आवाजात विचारतात, "एवढ्या मेहनतीने मुलाला पुढे संसारात अडचण तर येणार नाही ना?" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, उत्तर वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत.

पुरुषत्वाचे प्रमुख संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन. मेंदूच्या आज्ञेवरून पियूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांपैकी एकामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होते, तर दुसरे शुक्रजंतूंच्या निर्मितीस चालना देते. टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू आपली आज्ञा सौम्य करतो. असा हा समतोल आहे.

जोर-बैठका, वजन उचलणे अशा व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन थोडे वाढते व लवकरच पूर्वपदावर येते. खरा लाभ दीर्घकाळाचा आहे. लठ्ठपणामुळे हे संप्रेरक घटते. व्यायामाने वजन उतरले की ते सुधारते. म्हणजे माफक, नियमित व्यायाम हितकारकच होय.

अडचण येते ती जमा-खर्चाचा मेळ न बसल्यास. वर्षानुवर्षे अतिदीर्घ अंतर धावणाऱ्या काही खेळाडूंत टेस्टोस्टेरॉन कमी आढळते. परिश्रम मोठे, परंतु आहार व झोप अपुरी, असे झाले की शरीर प्रजननाचा खर्च प्रथम आखडते. अर्धपोटी धावणाऱ्या मुलास म्हणून आधी भाकरी, डाळ, अंडी व विश्रांती द्यावी. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; सुधारणाही त्याच गतीने दिसते.

सर्वांत मोठा धोका मात्र धावण्यात नाही, इंजेक्शनात आहे. शरीर लवकर भरावे म्हणून काही तरुण वैद्यकीय सल्ल्याविना टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम स्टेरॉइड घेतात. बाहेरून पुरवठा आला की मेंदू आज्ञा देणे थांबवतो. वृषणे आकसतात व शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. बाहेरून देह भरलेला दिसतो आणि घरात पाळणा हलत नाही. औषध थांबविल्यावर पूर्वस्थिती येण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. काहींत ती पूर्णपणे येतही नाही.

येथे एक विनंती. मूल न झाल्यास दोष केवळ सुनेला देण्याची रीत अन्यायकारक आहे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. तेव्हा तपासणी दोघांची व्हावी. टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी, उपाशीपोटी करावी आणि कमी आढळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करावी. इंजेक्शन घेतले असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. येथे कोणीही रागावणार नाही.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामुळे खडतर सराव सुरू करण्यापूर्वी ती तपासणीही अवश्य करून घ्यावी.

देणगीदारांच्या औदार्यामुळे जे ज्ञान व ज्या सुविधा येथे उपलब्ध होतात, त्या संकोच न बाळगता वापरल्या गेल्या तरच त्या दानाचे सार्थक होईल, अशी आमची नम्र भावना आहे.