सिलिका जेलच्या एका ग्रॅममध्ये सात गुंठे? हे मोजलं कसं?

नवीन फोनच्या किंवा बुटांच्या बॉक्समध्ये 'खाऊ नका' लिहिलेली छोटी पुडी असते ना, ती सिलिका जेलची. त्यातल्या एका ग्रॅम दाण्यांचा आतला पृष्ठभाग साधारण ७०० चौरस मीटर भरतो. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर सुमारे सात गुंठे! दाणा वरून गुळगुळीत दिसतो, पण आत काही नॅनोमीटरच्या छिद्रांचं जाळं असतं. हवेतली वाफ त्या भिंतींना चिकटते.

हाच खेळ पाण्याच्या फिल्टरमध्ये चालतो. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात आणि हाडं खराब होतात. उकळून ते जात नाही. ते काढायचा एक मार्ग म्हणजे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, ज्याच्या एका ग्रॅममध्ये दोन-तीन गुंठे पृष्ठभाग असतो. पण त्यातला पाण्याला खरंच भेटणारा किती? बंद छिद्रातले गुंठे फ्लोराइड पकडायला काही कामाचे नाहीत.

नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन. उणे १९६ अंशांना तो वायू छिद्रांत सोडायचा आणि किती चिकटला ते मोजायचं. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली त्याचं गणित बसवलं, आजही तेच वापरतात. अडचण एवढीच की जिथे वायू शिरत नाही, ती छिद्रं हिशेबात येतच नाहीत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप छिद्र दाखवतो, पण एका बारीकशा तुकड्यातलं.

मग उपयोगी पडतं विकिरण. हो, 'आकाश निळं का' शिकताना भेटलेलं तेच, फक्त इथे प्रकाशाऐवजी एक्स-रे किंवा न्यूट्रॉन वापरतात. रात्री छत्रीच्या किंवा बारीक विणीच्या कापडातून लांबचा रस्त्यावरचा दिवा बघा. दिव्याभोवती ठिपक्यांची नक्षी दिसेल. वीण जितकी बारीक, तितके ठिपके लांब लांब. म्हणजे धागे न मोजताही विणीचा अंदाज येतो. एक्स-रेची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असेल, तर १० नॅनोमीटरच्या छिद्रामुळे किरण जेमतेम एक अंश वळतात. म्हणून याला लघुकोनी विकिरण म्हणतात. छिद्र उघडं असो की बंद, किरण आरपार जातात, त्यामुळे दोन्हींचा हिशेब लागतो.

पृष्ठभाग कुठे कळतो? त्याच आलेखाच्या शेपटीत. ऑस्ट्रियाचे गुंथर पोरोड यांनी दाखवलं की छिद्राची भिंत गुळगुळीत असेल तर कोन दुप्पट केल्यावर तीव्रता १६ पट घटते. भिंत खडबडीत असेल तर घट कमी, ८ ते १६ पटींच्या मधे कुठेतरी. १९८४ मध्ये बेल आणि श्मिट यांनी लिग्नाइट कोळशात हेच पाहिलं आणि त्याची छिद्रं फ्रॅक्टल आहेत असं मांडलं. शेपटीची उंची एकूण पृष्ठभाग सांगते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की फोटो न काढताच भिंतीचा पोत कळतो. मात्र आलेखावरून आकार ओळखणं म्हणजे उलटं गणित. वेगवेगळ्या रचना सारखाच आलेख देऊ शकतात, त्यामुळे नायट्रोजनची मापंही जोडीला लागतात.

आता उघडी आणि बंद छिद्रं वेगळी कशी करायची? बोरोसिलची काचकांडी खाद्यतेलात बुडवा, ती जवळपास गायब होते, कारण काच आणि तेल प्रकाशाला सारखंच वळवतात. न्यूट्रॉनसाठी हीच ट्रिक साधं पाणी आणि जड पाणी मिसळून करतात. सिलिकासाठी जड पाणी सुमारे ६० टक्के ठेवलं की पाणी भरलेली छिद्रं न्यूट्रॉनला दिसेनाशी होतात. तरीही जे विकिरण उरतं, ते मुख्यतः पाणी न पोचलेल्या छिद्रांचं. ॲल्युमिनासाठी प्रमाण वेगळं, युक्ती तीच.

ही यंत्रणा फार लांब नाही. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली १०० मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून न्यूट्रॉन पुरवते आणि तिथे लघुकोनी विकिरणाची उपकरणं आहेत. एक्स-रेसाठी इंदूरला इंडस-२ आहे. नांदेड-लातूरला एमएस्सी करत असाल तर यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या मुंबई केंद्राबद्दल तुमच्या सरांना किंवा मॅडमना जरूर विचारा. विद्यापीठांतल्या संशोधकांना ध्रुववर प्रयोग करता यावेत, हेच त्या केंद्राचं काम आहे.