धमनीतील दाह आणि तरुणांचे हृदय

हृदयविकाराचा झटका हा उतारवयातील आजार, ही समजूत आपल्या समाजात अद्याप दृढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ वर्षे, तर इतरत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. सरासरीच एवढी, म्हणजे कित्येकांना तो चाळिशीत, क्वचित तिशीतही गाठतो. घराण्यातील पहिला शिकलेला, पहिला मिळवता माणूस ऐन उमेदीत गेला, की दोन पिढ्यांची वाटचाल खुंटते.

धमनी म्हणजे नळ, त्यात हळूहळू गाळ साचतो आणि एके दिवशी तो तुंबतो, असे चित्र आपल्या मनात असते. ते अपुरे आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तरात शिरून साचले, की पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, ते गिळतात आणि तेथेच फुगून मरतात. हाच दाह. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. धमनीतील दाह मात्र मूक असतो. त्याने चरबीच्या गाठीवरील आवरण झिजते, फाटते आणि रक्ताची गुठळी धमनी बंद करते. फाटणारी गाठ पुष्कळदा लहानच असते. म्हणूनच काल धडधाकट दिसणारा तरुण आज कोसळतो.

जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच धमनीविकारामागे दाह असल्याचे मांडले होते. १८४८ साली सायलेशियातील टायफसच्या साथीचे मूळ दारिद्र्यात व शिक्षणाच्या अभावात शोधणारे तेच हे विर्खो. भक्कम पुरावा मिळावयास मात्र २०१७ साल उजाडले. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, दाह शमविणाऱ्या एका औषधाने कोलेस्टेरॉल न घटविताही पुढील धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी केला. तथापि त्याच औषधाने जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले; कारण दाह हे शरीराचे संरक्षणही आहे.

तेव्हा दाहास खतपाणी घालणारी कारणेच दूर करणे श्रेयस्कर. बिडी-सिगारेट, गुटखा, मिश्री, पोटाचा वाढता घेर, दुर्लक्षित मधुमेह, हिरड्यांचे जुनाट दुखणे ही त्यांतील प्रमुख होत. कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांचे महत्त्व याने कमी होत नाही. घरात कोणास अल्पवयात झटका आला असेल, तर तिशीपासूनच रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. दाहाचा अंदाज देणारी ‘एचएस-सीआरपी’ ही साधी रक्ततपासणीही उपलब्ध आहे. ती आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

आणि छातीवर दडपण, हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. वय कितीही असो, तत्काळ रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. धमनी बंद राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.