रेंज नाही, की नेट नाही?

झरी-जामणी तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या घरी ओसरीच्या खांबाला एक खिळा ठोकलेला आहे. खिळ्याला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फोन. घरात दुसरीकडे कुठेही ठेवला की तो मुका होतो, तिथे टांगला की वाजतो. वाजला की मावशी तो पिशवीतून काढत नाही; स्पीकर लावते आणि खांबाशी तोंड नेऊन बोलते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, म्हातारी खांबाशी भांडते आहे.

गेल्या दिवाळीत यावरून घरात दोन तट पडले. मोठा नातू म्हणाला, "ऑनलाइन बूस्टर मागवू." धाकटा म्हणाला, "पंचायतीत वाय-फाय येऊन राहिलं, मंग बूस्टर कायले?" दोघांनाही वाटत होतं की वस्तू एकाच कामाच्या आहेत, फरक फक्त किमतीचा. तसं नाही. वाय-फायचा हॉटस्पॉट आणि सिग्नलचा बूस्टर यांचा एकमेकांशी संबंध जवळजवळ नाही. एक उघडपणे, बिनपरवाना लावता येतो. दुसरा खासगी माणसाने घरात ठेवणंही बेकायदा आहे.

आधी दुखणं ओळखा

आपण सगळ्यालाच "नेटवर्क नाही" म्हणतो. पण यात दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, रेंज नसणं: फोन आणि टॉवर यांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही. मध्ये टेकडी असेल, पावसाळ्यात भिजलेलं सागाचं रान असेल, नाहीतर डोक्यावरचे टिनाचे पत्रे असतील. पत्रा रेडिओ लहरींना आरशासारखा परतवतो, म्हणून पत्र्याखालचा फोन अंगणातल्या फोनपेक्षा दुबळा पडतो. दुसरं दुखणं, रेंज आहे पण नेट नाही. काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल फिरत राहतो. बाजाराच्या दिवशी पांढरकवड्यात किंवा पुसदला हा अनुभव येतो. तिथे टॉवर जवळच असतो, पण एकाच वेळी त्याला हजार माणसं चिकटलेली असतात.

दुखणं कोणतं हे फोनच सांगतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि डीबीएममध्ये मोजलेला असतो. फोर-जीसाठी उणे ८०-८५ म्हणजे उत्तम, उणे ११०च्या खाली म्हणजे रडकथा, आणि उणे १२०च्या आसपास फोन हाती घेण्यात अर्थ नाही. या आकड्याची मेख अशी की तो दहाने घसरला म्हणजे ताकद दहा पटींनी घटली. मावशीच्या स्वयंपाकघरात उणे ११८ होता आणि खांबाजवळ उणे ९७. एकवीसचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खांबाशी येणारा सिग्नल सव्वाशे पट जोरकस होता. त्या खिळ्याची जागा कुणी मोजून ठरवली नव्हती, अनुभवाने सापडली होती.

हॉटस्पॉट: विहीर वेगळी, पोहरा वेगळा

वाय-फायचा राऊटर सहसा टॉवरकडून काही घेत नाही. त्याच्यामागे स्वतःची इंटरनेटची जोडणी असते, बहुतेक वेळा जमिनीतून किंवा खांबांवरून आलेली फायबर. राऊटर फक्त ती जोडणी आसपासच्या फोनांना हवेतून वाटतो. भिंती असतील तर वीस-तीस मीटर, मोकळ्या मैदानात शंभरेक. म्हणून चौकातल्या हॉटस्पॉटचा उपयोग चौकातल्यालाच.

हे वाटप २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत होतं. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये आणि दुसरा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. म्हणजे शक्तीची मर्यादा पाळून कुणीही तो वापरावा, गायरानासारखा. मोबाइलच्या लहरी मात्र कंपन्यांनी लिलावात हजारो कोटी मोजून घेतलेल्या असतात. त्या सातबारावर नाव असलेल्या वावरासारख्या. हा भेद लक्षात राहिला की पुढचा कायदा आपोआप कळतो.

सार्वजनिक वाय-फायची एक गंमत आहे. जोडताना ते मोबाइल नंबर विचारतं आणि ओटीपी पाठवतं. ओटीपी येतो एसएमएसने. एसएमएसला लागते रेंज. रेंज नाही म्हणून वाय-फायकडे गेलेला माणूस तिथे रेंज शोधत हात वर करून उभा राहतो! यावर तोड आहे, ती पुढे येईल.

'पीएम-वाणी' आणि आमची वणी

केंद्र सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेचं नाव 'पीएम-वाणी'. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोळसा खाणींची वणी असल्यामुळे घोटाळा ठरलेला. एका गृहस्थांना ही योजना फक्त वणी तालुक्यापुरती वाटली होती. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे. पण मराठीत वाणी म्हणजे किराणा दुकानदार, आणि योजना नेमकी त्याच्यासाठीच आहे.

मंत्रिमंडळाने ती ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. पिवळ्या बोर्डाचं एसटीडी-पीसीओ आठवत असेल, तर कल्पना लगेच कळते. किराणावाला, चहाची टपरी, सलून, कुणीही फायबरची जोडणी घ्यायची, राऊटर लावायचा आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी डेटा विकायचा. या दुकानाला 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणतात. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी नाही. हिशेब आणि गिऱ्हाइकाची ओळख सांभाळायला वरती एक मध्यस्थ कंपनी असते, आणि तिला मात्र दूरसंचार विभागाकडे नोंद करावी लागते. गिऱ्हाईक ॲपवर एकदा ओळख पटवतं, मग दुसऱ्या दुकानाच्या 'वाणी' हॉटस्पॉटलाही जोडता येतं. ओटीपीच्या त्रांगड्यावरची तोड हीच: तालुक्याच्या गावी, रेंज असताना नोंदणी उरकून घ्यावी.

योजना चांगली, रखडली ती जोडणीच्या दरापाशी. टपरीवाल्याकडे व्यापारी दर मागितला जाई आणि पाच रुपयांच्या पुड्या विकून तो कधी वसूल व्हायचा नाही. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी अशा दुकानाला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. हे पाच वर्षांआधी व्हायला हवं होतं, असं माझं मत.

रेल्वेच्या वाय-फायचं उदाहरण अधिक परिचयाचं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली, तेव्हा गूगलची साथ होती. गूगलने अंग काढून घेतल्यावर रेलटेलने ते चालू ठेवलं आणि आज सहा हजारांवर स्टेशनांवर पहिला अर्धा तास फुकट मिळतो. गाडी पकडायला वर्ध्याला जाणारे यवतमाळकर फलाटावर बसून सिनेमे उतरवून घेतात ते यामुळेच.

हरिसालचा धडा

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या हरिसालला २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने 'डिजिटल गाव' केलं. जंगलातून फायबर नेणं अवघड, म्हणून दूरदर्शन वाहिन्यांच्या लहरींमधल्या रिकाम्या जागांतून इंटरनेट गावापर्यंत आणायचं आणि गावात वाय-फायने वाटायचं, अशी ती रचना. कल्पना हुशारीची होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच हरिसालची चित्रफीत सभेत लावून जाहिरात आणि प्रत्यक्ष गाव यांतलं अंतर दाखवलं, सरकारने ते खोडून काढलं, आणि गाव राज्यभर गाजलं. राजकारण बाजूला ठेवू. वाय-फायची पाटी लागली की वाय-फाय आलं असं होत नाही. मागची जोडणी, वीज आणि दुरुस्तीला येणारा माणूस, या तिन्हींपैकी एक जरी हललं तरी राऊटर नुसता दिवे लावून बसतो.

बूस्टर: हा तर भोंगा

बूस्टरमागे इंटरनेटची जोडणी नसते. त्याचे तीन भाग. छतावर टॉवरकडे तोंड केलेला अँटेना, घरात सिग्नल पसरवणारा दुसरा अँटेना, आणि दोघांच्या मध्ये सिग्नल मोठा करणारी पेटी. बाहेर पुटपुटलं जातंय ते तो आत मोठ्याने सांगतो, आणि घरातल्या फोनचं उत्तर तितक्याच जोराने टॉवरकडे फेकतो. त्यामुळे बाहेर काहीच येत नसेल तर बूस्टरही काही देत नाही. शून्याला कितीनेही गुणा. आणि टॉवरच गर्दीने तुंबला असेल तर काड्या वाढतील, नेट वाढणार नाही.

लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की कुईं असा आवाज उठतो, तो सगळ्यांनी ऐकलेला आहे. बूस्टरचे दोन अँटेना जवळ असले की तेच होतं. आतला सिग्नल बाहेरच्या अँटेनात शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. फरक इतकाच की ही किंकाळी कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात, जिथे छत आणि खोली यांत दहा फूटही अंतर नसतं, तिथे हे टाळणं जवळजवळ अशक्य.

किंकाळी नसली तरी उपद्रव असतो. फोन बोलताना जेमतेम पाव वॅटहून कमी शक्ती वापरतो, म्हणून टॉवरचा कान अतिशय तीक्ष्ण ठेवलेला असतो. स्वस्त बूस्टर तुमच्या आवाजाबरोबर अख्ख्या पट्ट्यातला गोंगाट मोठा करून त्या कानात ओततो. मग कुणाचा फोन तुटतो? टॉवरजवळच्या दुकानदाराचा नाही. तुटतो तो टॉवरच्या कडेला असलेल्या पोडावरचा, तांड्यावरचा, ज्याचा आवाज आधीच क्षीण आहे. बूस्टरवाल्याच्या घरात चार काड्या येतात आणि शेजारच्या वस्तीतून १०८ ला फोन लागत नाही.

कायदा काय म्हणतो

जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्ट केलं की परवानाधारक मोबाइल कंपन्या सोडून इतर कुणीही बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. मूळ आधार १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत मान्यता हवीच. ऑनलाइन दुकानात मिळतं म्हणजे चालतं, हा समज चुकीचा. अमेरिकेतल्या भाच्याच्या घरी बूस्टर असेल आणि तो कायदेशीरही असेल, कारण तिथे २०१३ च्या नियमांनुसार प्रमाणित बूस्टर कंपनीकडे नोंदवून वापरता येतो. ते यंत्र बॅगेत घालून आणू नये.

मग घरात आवाज आणायचा कसा

फायबर घरापर्यंत पोहोचली असेल तर 'वाय-फाय कॉलिंग'. देशात ही सोय डिसेंबर २०१९-जानेवारी २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी सुरू केली. फोनमध्ये एक बटण चालू केलं की कॉल टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो, नंबर तोच, वेगळे पैसे नाहीत. घरातल्या रेंजचा प्रश्न यासारखा सरळ दुसऱ्या कशानेच सुटत नाही आणि तरी निम्म्या लोकांना हे बटण आहे हेच माहीत नसतं.

फायबर नसेल तर सिमकार्ड घालायचा फोर-जी राऊटर, बाहेरचा अँटेना जोडता येणारा. हा बूस्टर नव्हे. तो स्वतःच एक फोन आहे, फक्त उंचावर उभा केलेला: टॉवरशी एका फोनसारखंच बोलतो, दुसऱ्यांचा आवाज मोठा करत नाही, आणि घरात वाय-फाय देतो.

अख्ख्या वस्तीलाच रेंज नसेल तर मात्र घरगुती उपाय नाही, टॉवरच लागतो. 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर आपल्या आसपास कोणाचे टॉवर कुठे आहेत ते दिसतं. ग्रामसभेचा ठराव करताना ती माहिती जोडली तर अर्जाला वजन येतं. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोर-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. तिचं काम बीएसएनएलकडे आहे.

मावशीकडे शेवटी राऊटर आला. अँटेना कडुनिंबाजवळच्या बांबूला बांधला. तिथे आकडा उणे ८९ भरला. फोनमधलं वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि पहिल्यांदा तिचा फोन चुलीपाशी वाजला. पण लाईट गेली की राऊटर बंद, आणि आमच्याकडे लाईट जातेच. म्हणून तिने खांबाचा खिळा काढू दिलेला नाही.