शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं रान कोणी काढायचं?

पावसाळ्यात आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न आज घेतलाय. सोसायटीला लागून रिकामा प्लॉट आहे. मालक दुसऱ्या शहरात, नाहीतर परदेशात. कंपाउंडच्या आत कमरेएवढं गवत. आजोबांना दमा, लहान मुलं तिथूनच शाळेत जातात, आणि परवा म्हणे साप दिसला. तर हे साफ करायचं कोणी?

आधी त्या गवताबद्दल. त्यात बहुतेक वेळा गाजर गवत असतं, म्हणजेच काँग्रेस गवत, शास्त्रीय नाव पार्थेनियम. हे मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली १९५५च्या सुमारास, आणि तीसुद्धा आपल्या पुण्यात! त्याच्या परागांमुळे शिंका, दमा वाढतो आणि झाडाला हात लागला तर अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. एक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून ते फुलोऱ्याआधीच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि मास्क घालूनच. फुलं आल्यावर नुसतं वरून कापलं, तर बिया मातीत जातात आणि पुढच्या पावसात तोच बग परत येतो.

आता कायदा. जमीन खाजगी असेल तर साफसफाईची पहिली जबाबदारी मालकाची. ‘मी तिथे राहत नाही’ हे काही उत्तर नाही. पालिका रोज झाडते ते सार्वजनिक रस्ते आणि जागा. तुमचा-माझा प्लॉट त्यात येत नाही. पण म्हणून पालिकेला हात झटकता येत नाहीत. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात अपायकारक वनस्पती काढणं आणि सार्वजनिक उपद्रव दूर करणं ही पालिकेची कर्तव्यं आहेत. महानगरपालिकांसाठी १९४९चा अधिनियम आहे, मुंबईसाठी १८८८चा वेगळा. सगळीकडे पद्धत साधारण सारखीच: आधी मालकाला नोटीस, त्यात मुदत. मुदतीत काम झालं नाही तर पालिका ते करून घेऊ शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करते.

म्हणजे आपलं काम काय? ती नोटीस निघेल अशी तक्रार करणं. ‘इथे खूप घाण आहे’ एवढंच लिहिलं तर तक्रार फिरत राहते. आधी सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर शोधा. महाभूलेखवर सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहता येतं, त्यावर मालकाचं नाव असतं. मग तारीख आणि लोकेशन दिसेल असे फोटो काढा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, आरोग्य विभागाच्या नावाने, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या आणि पोच घ्या. पाणी साचून डास होत असतील तर ते वेगळं लिहा. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तिचा नंबरही अर्जात टाका.

तीन गोष्टी मात्र करू नका.

एक, काडी लावू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. शिवाय त्या धुराने आजोबांचा दमा आणखीच वाढेल.

दोन, गवताच्या नावाखाली झाडं तोडू नका. शहरी भागात १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. झाड आपल्याच जागेत असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड वाकलंय, लोकांवर पडेल असं वाटत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश देऊ शकतात.

तीन, मालकाला न विचारता आत घुसू नका. त्याचा फोन नंबर मिळाला तर आधी सरळ बोला. बऱ्याचदा त्याला प्लॉटची अवस्था माहीतच नसते. ‘माणूस आम्ही लावतो, पैसे तुम्ही द्या’ यावर अनेक जण तयार होतात. होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, म्हणजे नंतर वाद नको. आणि साप दिसलाच तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

तुमच्या शेजारच्या प्लॉटवर पांढरी फुलं दिसायला लागली असतील, तर अर्ज या आठवड्यातच द्या. नोटिशीची मुदत संपेपर्यंत बिया थांबत नाहीत. भेटू पुढच्या भागात!