गुलमर्गच्या बर्फात तीन रात्री

काश्मीरला जाऊन आलेल्या घरांत एक फोटो हमखास असतो. भाड्याचा लांब कोट, पायांत गमबूट, हातात बर्फाचा गोळा आणि मागे पांढरा डोंगर. हा फोटो बहुधा गुलमर्गचा असतो. श्रीनगरहून सकाळी निघायचे, दोन-तीन तास बर्फात घालवायचे आणि संध्याकाळी परत हॉटेलवर यायचे, असा सहलीच्या कंपन्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. बहुतेक जण तेवढेच गुलमर्ग पाहून येतात.

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस, आम्ही पाच जण चिपळूणहून काश्मीरला गेलो. आम्ही दोघे, अम्मी, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. पहलगाम आणि सोनमर्ग यादीतून काढून टाकले आणि ते दिवस गुलमर्गला दिले. नातेवाइकांना हे पटले नाही. “एवढ्या लांब जाऊन एकच जागा?” असे सगळ्यांनी विचारले. तीन रात्री राहून आल्यावर आमचे मत पक्के झाले आहे. बर्फाची खरी मजा लुटायची असेल, तर चार ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा एका ठिकाणी मुक्काम करावा.

फुलांचे कुरण, बर्फाची वाटी

गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. पूर्वी याला गौरीमर्ग म्हणत. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक याने आजचे नाव दिले, असे सांगतात. बारामुल्ला जिल्ह्यातली ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर, पीर पंजाल डोंगररांगेच्या कुशीत आहे. आकार पसरट वाटीसारखा, कडेने देवदार आणि पाइनचे जंगल. उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळतात. हिवाळ्यात तेच मैदान नवशिक्यांचा स्कीचा उतार बनते.

स्कीचा खेळ इथे इंग्रजांनी आणला. १९२७ मध्ये त्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला. पुढे सरकारी प्रशिक्षण संस्था आली, सैन्याची उंच डोंगरांवरील युद्धाची शाळाही इथेच आहे. आज हा खेळ इथल्या गावांचा झाला आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, तो म्हणजे खाली टंगमर्ग भागातला आरिफ मोहम्मद खान. जायंट स्लॅलम या शर्यतीत तो ४५ वा आला. ज्या उतारावर आमचा धाकटा धडपडत होता, त्या भागातल्या मुलाने देशाचा झेंडा हातात धरला होता, हे कळल्यावर त्याने त्या दिवशी पुन्हा “थंडी वाजते” म्हटले नाही.

रस्ता

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. मागामपर्यंत सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पानगळ झालेल्या सफरचंदाच्या बागा. टंगमर्गपासून शेवटचे तेरा किलोमीटर घाट आहे. बर्फ जास्त असेल, तर इथे मोठी गाडी थांबवतात आणि टायरला साखळ्या बांधलेल्या छोट्या गाडीतून वर जावे लागते. कुंभार्ली घाट रोजचा असलेल्या आम्हालाही हा घाट वेगळा वाटला. गाडी वळणावर अगदी हळू जाते, साखळ्यांचा खणखणाट होतो, आणि प्रत्येक वळणाला झाडांवरचा बर्फ वाढत जातो.

टंगमर्गला भाड्याचे कोट आणि गमबूट घेण्यासाठी फार आग्रह होतो. घरून चांगले गरम कपडे नेले असतील, तर फक्त बूट घ्यावेत. भाडे आधी ठरवावे.

आधी पडायला शिका

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आणि मुले स्की शिकायला गेलो. बूट, पट्ट्या आणि काठ्या तिथे भाड्याने मिळतात. स्कीचे बूट कडक आणि जड असतात. ते घालून चालताना माणूस रोबोटसारखा दिसतो. प्रशिक्षक तिशीतला स्थानिक तरुण होता. त्याने पहिला अर्धा तास आम्हाला एक इंचही घसरू दिले नाही. आधी पडायला शिकवले. पडायचे ते बाजूला, कुल्ल्यावर. पुढे किंवा मागे पडू नये. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता घसरायला होते.

मग ब्रेक. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर केली, की आकार समोशाच्या तुकड्यासारखा होतो. गुडघे किंचित वाकवून पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुतवल्या, की वेग कमी होतो. पट्ट्या समांतर केल्या, की वेग वाढतो. पहिल्या दिवशी एवढे जमले तरी पुष्कळ.

मुले दुपारपर्यंत शिकली. मोठ्यांना वेळ लागतो, कारण मोठ्यांना पडण्याची लाज वाटते. आमच्या बाजूलाच कॉलेजच्या वयाच्या काश्मिरी मुली सराव करत होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, वर हेल्मेट, अंगात जाड जॅकेट. आमच्या मुलीने त्यांच्याकडे पाहून आपल्या ओढणीची टोके जॅकेटच्या आत खोचली आणि पुन्हा उतार चढायला निघाली. तिसऱ्या दिवशी ती छोट्या उतारावरून न पडता खाली आली आणि वळून थांबली. पाच सेकंदांचा तो थांबा तिने घरी सगळ्यांना दहा वेळा सांगितला.

एक दिवसाच्या सहलीत हे होऊ शकत नाही. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी अंग दुखते, मजा तिसऱ्या दिवशी येते.

अम्मी आणि स्लेज

अम्मींचे गुडघे दुखतात. “तुम्ही जा, मी खोलीत बसते” असे त्या म्हणाल्या. आपल्या घरांत वडीलधारी बाई सहलीला येते आणि खोलीत बसून सामान सांभाळते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आम्ही त्यांना तसे बसू दिले नाही. त्यांच्यासाठी स्लेज ठरवली.

स्लेज म्हणजे लाकडी फळीची घसरगाडी. पुढे दोरी, आणि दोरी ओढणारा माणूस. चाळिशीच्या त्या गृहस्थाने अम्मींच्या पायांवर स्वतःचे घोंगडे टाकले. “अम्मीजान, पाय आत घ्या,” म्हणाला आणि सावकाश निघाला. वाटेत अम्मींनी त्याची सगळी चौकशी केली. उन्हाळ्यात घोडा, हिवाळ्यात स्लेज, घरी तीन मुले. चढ आल्यावर अम्मींनी त्याला दोनदा थांबायला लावले, श्वास घे म्हणून.

माणसाने माणसाला ओढावे का, हा प्रश्न आमच्या मुलीने संध्याकाळी विचारला. आम्हाला वाटते, ज्याला चालता येत नाही त्याने जरूर बसावे. धडधाकट माणसाने चढावर उतरून चालावे. भाव आधी ठरवावा, सरकारी दरफलक पाहावा, पण ठरल्यानंतर शेवटी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उणे तापमानातही त्या माणसाचे कपाळ ओले झालेले आम्ही पाहिले.

ढगांच्या वर

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे, फ्रेंच कंपनीने बांधला. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर जातो. दुसरा २००५ चा. तो अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो.

आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंत सगळे गेलो. पुढे अम्मी आणि धाकटा थांबले, त्यांच्यासोबत आमच्यापैकी एक. वर हवा विरळ आहे. समुद्रकिनाऱ्यावर जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण ६० टक्केच तिथे मिळतो. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये. वर दहा पावले चालले, की आपल्याला दम लागतो. तिथून अनुभवी लोक स्कीवर थेट खाली उतरतात. पण आखलेल्या वाटेबाहेर हिमकडा कोसळण्याचा धोका असतो आणि त्यात जीव गेलेले आहेत. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद ठेवला, तर वाद घालू नये. तीन रात्री राहण्याचा हाही फायदा आहे. आज बंद असेल तर उद्या जाता येते.

थंडी, नमाज आणि जेवण

निघण्यापूर्वी घरात मोठी चिंता वुजूची होती. गुलमर्गला ती उरली नाही. काश्मिरी मशिदींमध्ये हमाम असतो. दगडी फरशीच्या खालून लाकडांची आच देतात, फरशी ऊबदार राहते आणि वुजूला गरम पाणी मिळते. बाहेर बर्फ पडत असताना त्या फरशीवर बसल्यावर उठावेसे वाटत नाही. चामड्याचे मोजे नेले, तर प्रवाशाला तीन दिवस-रात्री मसह करण्याची सवलत आहे.

कसरबाबत आपल्या घरांत दोन मसलक असतात, म्हणून लिहितो. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल तर कसर आहे. आपण कोकणातले बहुतेक शाफई. आपल्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी मुक्काम असावा लागतो. अधिक माहिती आपल्या आलिमांना विचारावी. आणखी एक गोष्ट मुलांना गंमतीची वाटली. कोकणात किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे असतो, गुलमर्गला तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडे येतो.

जेवणात हलालची शोधाशोध करावी लागत नाही. सकाळी गिरदा रोटी आणि मीठ घातलेला गुलाबी नून चहा, जो मुलांना अजिबात आवडला नाही. दुपारी भात, रोगनजोश आणि हाक नावाची पालेभाजी. श्रीनगरला परतल्यावर पहाटे हरिसा जरूर खावा. मटण रात्रभर शिजवून, घोटून केलेला हा पदार्थ हिवाळ्यातच मिळतो. अम्मींच्या मते आपल्या हलीमचा तो शांत स्वभावाचा भाऊ आहे.

बर्फ पडला तर

“बर्फ पडला तर आमचे घर चालते,” असे स्लेजवाला सहज बोलून गेला होता. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडक थंडीचे मानतात. त्याला चिल्ला-ए-कलां म्हणतात. या दिवसांत पडलेला बर्फ गोठून टिकतो आणि उन्हाळ्यात ओढ्यांना, भातशेतीला, बागांना पाणी देतो. पण जानेवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला आणि गुलमर्गचे उतार तपकिरी राहिले. २०२५ मध्ये इथले खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. आपल्यासाठी ती रद्द झालेली सहल असते. त्यांच्यासाठी तो वर्षाचा घरखर्च असतो.

दुसरे संकट माणसांनी आणलेले. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरणमध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्रातले पर्यटक होते, आणि स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही होता. त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती. आमच्या घरीही जावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. ज्याला भीती वाटते, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. आम्ही परिस्थितीची चौकशी करून गेलो. वाटेत तपासणी होते, ओळखपत्र दाखवावे लागते. स्लेजवाला, प्रशिक्षक, हॉटेलात रात्री बुखारीत लाकडे घालणारा मुलगा, या सगळ्यांनी निरोप देताना एकच सांगितले, घरी जाऊन लोकांना सांगा. तेही या लेखाचे एक कारण आहे.

जाणाऱ्यांसाठी

बर्फाचा भरवसा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जास्त. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, त्यामुळे जानेवारी सोयीचा.

विमान महाग वाटत असेल, तर पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूतवी किंवा वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेसने कटरा गाठता येते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडी सुरू झाली आहे. ती ३५९ मीटर उंचीच्या चिनाब पुलावरून जाते.

गोंडोलाची तिकिटे केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर आधीच काढावीत, दलालाकडून घेऊ नयेत. बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम तिथे चालेल असे धरून चालू नये, घरात एक पोस्टपेड असावे. एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे तीन थर चांगले. सुती मोजे ओले होतात, लोकरीचे न्या. बर्फावरून परतणारे ऊन डोळे आणि त्वचा भाजते, म्हणून काळा चष्मा आणि सनस्क्रीन मुलांनाही लावा. खोली ठरवताना गरम पाणी आणि बुखारी किंवा हीटर आहे का, ते फोन करून विचारा.

गुलमर्गचा मुक्काम श्रीनगरपेक्षा महाग पडतो. एक-दोन ठिकाणे कमी करा, खरेदीची एखादी शाल कमी घ्या, आणि ते पैसे मुलांच्या स्कीच्या शिकवणीला द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या आणि खोलीत बसवून ठेवू नका. इन्शाअल्लाह, परतताना तुमच्याही घरात कुणीतरी नवीन काही शिकलेले असेल.