टीव्ही टांगण्याआधी भिंत ओळखा

लग्न ठरले की मुंबई-ठाण्याकडच्या घरांत पहिला प्रश्न जागेचा असतो. नव्या जोडप्याला खोली हवी आणि घर तर आहे तेवढेच. मग हॉलच्या मधोमध जिप्समचे पार्टिशन उभे राहते. काम झटपट होते, रेती-सिमेंटचा पसारा नाही, रंग दिला की ती खऱ्या भिंतीसारखीच दिसते. अडचण नंतर येते. हॉल अर्धा झाल्यामुळे टीव्हीच्या टेबलाला जागा उरत नाही. टीव्ही भिंतीवर न्यायचे ठरते आणि बैठकीसमोर येणारी भिंत नेमकी पार्टिशनची निघते.

आमच्या घरी असेच झाले. टीव्ही ५५ इंची, वजन साधारण १५ किलो. त्याच्यासमोर नातवंडे खेळणार, दुपारी अम्मी तिथेच गादी टाकून आडव्या होणार. म्हणून ड्रिल हातात घेण्यापूर्वी त्या भिंतीच्या पोटात काय आहे, ते आम्ही नीट समजून घेतले.

आत काय असते?

जिप्समचा बोर्ड जेमतेम अर्धा इंच जाड असतो. दोन्ही बाजूंना बोर्ड आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत साधारण दोन-दोन फुटांवर पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात. कारागीर त्यांना स्टड म्हणतात. नुसत्या बोर्डावर घड्याळ किंवा छोटी फ्रेम राहील, टीव्ही नाही. त्यात मारलेला प्लास्टिकचा प्लग आज घट्ट वाटतो, पण रोजच्या हलण्याने भोक मोठे होत जाते.

मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंत ‘स्टड शोधा आणि स्क्रू मारा’ एवढेच सांगतात. अमेरिकेतल्या घरांत स्टड बहुधा दीड इंच रुंद भरीव लाकडाचे आणि सोळा इंचांवर असतात. त्यात लांब स्क्रू घट्ट बसतो. आपल्याकडचा पत्रा कागदी पुठ्ठ्याएवढा पातळ, तो लाकडासारखी पकड देत नाही. शिवाय आमच्या ब्रॅकेटची रुंदी दीड फूट आणि स्टडमधले अंतर दोन फूट. म्हणजे ब्रॅकेट कसेही सरकवले तरी एकाच वेळी दोन स्टड सापडणे शक्य नव्हते.

वजन जमिनीवर द्या

स्टड शोधायला आम्ही चुंबक वापरला. बोर्ड स्टडवर स्क्रूने बसवलेला असतो. चुंबक भिंतीवरून आडवा फिरवला की स्क्रूपाशी चिकटतो. त्याच रेषेत वर-खाली आणखी स्क्रू लागले की तो स्टड. पेन्सिलने उभी रेघ मारून ठेवावी.

मग सुताराकडून १८ मिलिमीटरचा प्लाय चार फूट रुंद आणि पाच फूट उंच कापून घेतला. तो जमिनीवर टेकवून उभा केला आणि दोन्ही स्टडवर वीतभर अंतराने पत्र्याचे स्क्रू मारले. ब्रॅकेटचे बोल्ट या प्लायमध्ये, आणि त्यांसाठी मागून टी-नट प्लाय उभा करण्यापूर्वीच बसवले. टीव्हीचे वजन आता प्लायवरून जमिनीवर उतरते. स्टडचे काम फक्त प्लायला पुढे झुकू न देण्याचे. वर सनमायका लावला की तो मुद्दाम केलेल्या पॅनेलसारखा दिसतो.

पुढे येणारा हात नको

अब्बांना पुढे ओढून स्वयंपाकघराकडे वळवता येणारे ब्रॅकेट हवे होते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. टीव्ही १५ किलोचा, ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर. टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर वरचे बोल्ट बाहेर खेचणारा जोर पावणेचार किलोच्या वजनाएवढा. तोच टीव्ही ५० सेंटिमीटर पुढे आला की जोर होतो साडेसदतीस किलोचा, दहापट! त्यात एखादे मूल लोंबकळले तर काय, हे सांगायला नको. अब्बांनी स्वतःच साधे चपटे ब्रॅकेट निवडले.

भिंत दुसरी असेल तर

विटांच्या भिंतीत प्लग प्लास्टर ओलांडून विटेत गेला पाहिजे, आणि विटांमधल्या सांध्यात नव्हे. नव्या इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडावे, नाहीतर ते आतून भुगा होऊन रुंदावते. प्लगही त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब घ्यावेत. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीतही भोक सैल होते. तिथे लांब प्लग किंवा भोकात रसायन भरून पक्के केलेले बोल्ट बरे. दुकानाकडून माणूस येणार असेल, तर भिंत कशाची आहे हे त्याला आधीच फोनवर सांगा. त्याच्या पिशवीत बहुधा विटांच्या भिंतीचेच प्लग असतात.

कोणतीही भिंत असो, स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. वायर तिथूनच जाते. ब्रॅकेट बसल्यावर टीव्ही चढवण्यापूर्वी ते दोन्ही हातांनी खाली आणि पुढे ओढून पाहा. जराही हलले तर थांबा. उंची ठरवताना टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर असावा. सोफ्यासाठी साडेतीन फूट, जमिनीवरच्या बैठकीसाठी अडीच-तीन फूट.

घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारल्याशिवाय भोके पाडू नयेत. त्यापेक्षा रुंद पायाचा, जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा आणि तो भिंतीकडे सरकवून ठेवावा.

ज्यांच्या घरी पार्टिशन अजून व्हायचे आहे, त्यांचे काम सर्वांत सोपे. टीव्ही कुठे येणार हे आजच ठरवा आणि बोर्ड लावण्यापूर्वी तिथे दोन जादा स्टड व मध्ये प्लाय बसवून घ्या. सांगाडा उघडा असतानाच मोजपट्टी धरून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. रंग लागल्यावर भिंत काहीच सांगत नाही, फोटो मात्र सांगतो.